घराच्या कामात कॉन्ट्रॅक्टरशी वाद झाला तर: मोजमापापासून वसुलीपर्यंत

रंगकाम, सुतारकाम, बाथरूमची तोडफोड, नवा ओटा. घराचं काम काढलं की आयुष्यभराची बचत एका माणसाच्या शब्दावर लावावी लागते. तो माणूस निम्म्यातून निघून गेला, काम खराब करून गेला किंवा अव्वाच्या सव्वा बिल लावून बसला, तर घरमालकाला कायद्याचा आधार आहे आणि तो चांगला भक्कम आहे. तरीही बरेच लोक हरतात, आणि त्याची कारणं दोन. चूक दिसताच ते घाईने नवा मिस्त्री बोलावून सगळं फोडतात, त्यात पुरावाही जातो. शिवाय ‘आम्हाला फसवलं’ एवढंच सांगतात. नेमकं कशात आणि किती रुपयांना, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. आधी कागद, मग मोजमाप, मग हिशेब, मग नोटीस. नवा कॉन्ट्रॅक्टर त्यानंतर.

आपला व्यवहार कोणत्या जातीचा, ते ठरवा

एकाच माणसाने मटेरियलसकट किंवा लेबर रेटने ठरावीक काम अंगावर घेतलं असेल, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ‘सेवा’ होते. सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेखच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणीतल्या त्रुटी ग्राहक कायद्याखाली येतात हे स्पष्ट केलं होतं. घर राहण्यासाठी असलं म्हणजे झालं. ऑफिसचं किंवा दुकानाचं इंटिरियर असेल तर ‘व्यावसायिक कारण’ म्हणून हरकत येऊ शकते.

तुम्ही स्वतः नाक्यावरून मिस्त्री आणि बिगारी आणलेत, रोजंदारी दिलीत आणि उभं राहून काम करून घेतलंत, तर मात्र प्रकरण अवघड होतं. वैयक्तिक चाकरीचा करार या कायद्यातून वगळलेला आहे आणि समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो.

बिल्डरकडून घेतलेल्या नव्या फ्लॅटचं प्रकरण वेगळं. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ही जबाबदारी बिल्डरची. तुमच्या इंटिरियरवाल्याला रेरा लागू होत नाही. आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने बाथरूमची मूळ लादी उखडली असेल, तर गळतीसाठी बिल्डर त्याच्याकडे बोट दाखवणार हे धरून चाला.

हातात कोणते कागद आहेत?

छापील करारच हवा असं नाही. कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके, सुरू करा’ असा निरोप, यूपीआयचे पैसे, डायरीत त्याच्या हातची ‘उचल २०,०००’ अशी नोंद आणि सही, या सगळ्यातून करार सिद्ध होतो. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पण मूळ फोन विकू नका आणि रीसेटही करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग फोन वापरणाऱ्याच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी ही तयारी असावी.

पैसे कोणाच्या खात्यात गेले ते तपासा. व्हिजिटिंग कार्डावर ‘अमुक इंटिरियर्स’, पैसे बायकोच्या खात्यावर आणि पावती भावाच्या नावाने, असं सर्रास चालतं. कोटेशनवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाका, धंद्याचं कायदेशीर नाव समजतं. नुसत्या दुकानाच्या नावाने केलेली तक्रार जिंकूनही वसुलीत अडकते, म्हणून मालकाचं नाव आणि पत्ता आत्ताच शोधून ठेवा.

काम अजून सुरू व्हायचं असेल तर करार लेखी करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारनाम्याला किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, पुढचा त्रास पाहता हा खर्च नगण्य आहे. त्यात प्रत्येक कामाचा दर, माप घेण्याची पद्धत, साहित्याचा ब्रँड आणि ग्रेड, टप्प्यानुसार पैसे आणि तारीख उलटल्यावर दर आठवड्याला किती कपात, हे लिहा. माझ्या मते पहिली उचल १० ते १५ टक्क्यांवर जाऊ नये आणि शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावेत. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ या आमिषाला बळी पडू नका. अशा कामावर १८ टक्के कर लागतो हे खरं, पण बिलाविना वाद झाला की किती दिले इथूनच सुरुवात होते. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथाही आहे. एका व्यवहारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा तेवढी रोख तुम्हीही देऊ नका. पुढच्या तारखांचे चेक तर मुळीच नकोत. काम बिघडलं म्हणून तुम्ही चेक थांबवलात तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला तुमच्यावरच होऊ शकतो.

काम थांबलं, त्या आठवड्यात काय करायचं

शांत भाषेत एक लेखी निरोप पाठवा: कोणतं काम बाकी, कशात दोष, आणि दुरुस्तीसाठी दहा-पंधरा दिवसांची नेमकी तारीख. ही संधी दिल्याचा पुरावा पुढे फार उपयोगी पडतो, कारण ‘मी करायला तयार होतो, मला घरातच घेतलं नाही’ हा कॉन्ट्रॅक्टरचा ठरलेला बचाव असतो. भांडण झालं तरी त्याची हत्यारं, कटर, शिडी अडवून ठेवू नका. ती ताब्यात ठेवलीत तर उलट तक्रार तुमच्यावर येते. दोन साक्षीदारांसमोर यादी करून, सही घेऊन परत करा. तुम्ही पैसे दिलेलं साहित्य मात्र मोजून, फोटो काढून घरात ठेवा. त्याच्याकडची किल्ली परत घ्या आणि सोसायटीच्या ऑफिसात त्याच्या माणसांचे पास रद्द करायला लेखी कळवा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये मजूर कोणत्या दिवशी आले आणि कोणत्या दिवसापासून यायचे थांबले, याची नोंद असते. तिचे फोटो मागून घ्या. काम सोडून गेल्याचा यासारखा तटस्थ पुरावा दुसरा नाही.

खालच्या मजल्यावर पाणी उतरलं असेल तर शेजाऱ्याला ‘कॉन्ट्रॅक्टरशी बोला’ म्हणू नका. त्याच्यापुरते जबाबदार तुम्ही. त्याची दुरुस्ती करून द्या, पावत्या ठेवा आणि ती रक्कम कॉन्ट्रॅक्टरकडे मागा. फोडाफोडीआधी गळती कुठून आहे तेही पारखा. घरातले सगळे नळ दिवसभर बंद ठेवूनही छत ओलं राहिलं आणि ठिबकत राहिलं, तर दाबाखालची कन्सील्ड पाइपलाइन संशयित. बाथरूम वापरलं की तासा-दोन तासांनी ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, ड्रेनेज किंवा वॉटरप्रूफिंग. पाइप जुनाच असेल आणि त्याला कॉन्ट्रॅक्टरने हातच लावला नसेल, तर तो दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

मोजमाप: बहुतेक भांडणं इथे असतात

बिलावरची निम्मी भांडणं दराची वाटतात, पण मुळात ती मापाची असतात. एक उदाहरण घ्या. वॉर्डरोब ७ फूट उंच, ६ फूट रुंद. दर १,४५० रुपये चौरस फूट. दर्शनी माप धरलं तर ४२ चौरस फूट, म्हणजे ६०,९०० रुपये. कॉन्ट्रॅक्टर दोन्ही बाजूंच्या २ फुटी फळ्याही मापात धरतो आणि आणखी २८ चौरस फूट जोडतो. बिल १,०१,५०० होतं. दर तोच, वॉर्डरोब तोच, फरक ४०,६०० रुपयांचा. कोटेशनमध्ये माप कसं घ्यायचं ते लिहिलेलं नसतं, म्हणून दोघंही आपापल्या जागी ठाम राहतात.

गिलाव्याचंही तसंच. दारं-खिडक्यांचं क्षेत्र वजा करायचं की नाही? भारतीय मानक आयएस १२०० मध्ये याचे नियम दिलेले आहेत. गिलाव्यासाठी ०.५ चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांची मोकळी जागा वजा करत नाहीत. त्यावर ३ चौरस मीटरपर्यंतची जागा असेल तर भिंतीच्या एकाच बाजूची वजावट होते. करारात काहीच ठरलं नसेल तर तज्ज्ञ या मानकाचा आधार घेतात. आपल्याकडे ‘ब्रास’ हा शब्दही घोळ घालतो. वाळू-खडीला ब्रास म्हणजे १०० घनफूट, लादी किंवा गिलाव्याला १०० चौरस फूट. कोटेशनवर नुसतं ‘ब्रास’ असेल तर कशाचा, ते विचारून घ्या.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरला तारीख देऊन संयुक्त मोजणीला बोलवा. आला तर दोघांच्या सहीची मापवही तयार होईल. नाही आला तर, बोलावल्याचा पुरावा हाती ठेवून, सिव्हिल इंजिनियर किंवा आर्किटेक्टकडून एकतर्फी मोजणी करून घ्या. प्रत्येक खोली, प्रत्येक बाब, पूर्ण किती, अर्धवट किती, सदोष किती.

तज्ज्ञाचा अहवाल, तोही दुरुस्तीच्या आधी

‘लादी पोकळ वाजते’ हे तुम्ही म्हणालात तर ते मत ठरतं. इंजिनियरने कोणत्या लाद्या पोकळ वाजतात ते नकाशावर खुणा करून, फोटोसह लिहिलं तर तो पुरावा होतो. अहवालात तीन गोष्टी हव्यात: दोष काय, त्याचं कारण काय, दुरुस्तीला खर्च किती. कारण नसलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही.

प्लायवूडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठी फसवणूक लॅमिनेटखाली दडते. साधा प्लाय आयएस ३०३ खाली येतो, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय आयएस ७१० खाली. ओट्याखालच्या कपाटांना मरीन ठरलं आणि साधा लावला, तर पहिले काही महिने काहीच कळत नाही. मग सिंकखालची फळी फुगते. बोर्डावर आयएसआय खूण असते आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि परवाना खरा आहे का ते दिसतं. काम चालू असेल तर लॅमिनेट चिकटवण्याआधी प्रत्येक बोर्डाच्या शिक्क्याचा फोटो काढा. काम झालेलं असेल तर ड्रॉवर बाहेर काढून आतल्या बाजूला शिक्का सापडतो का पाहा. नाहीच सापडला तर इंजिनियरच्या समक्ष तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवता येतो. तो कापताना व्हिडिओ घ्या आणि उरलेली फळी जपून ठेवा.

बाथरूम पुन्हा करायचंच असेल तर आधी अहवाल, मग हातोडा. नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायला लावा आणि भिंतीवर पातळीची खूण करून फोटो काढा.

आता हिशेब मांडा

मागणी एकाच मोठ्या आकड्यात करू नका. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. ठरलेलं काम ८,६०,००० रुपयांचं. दिलेले पैसे ६,५०,०००. मोजणीनुसार झालेलं काम कराराच्या दराने ४,७०,०००. म्हणजे जास्तीचे गेले १,८०,०००. उरलेलं काम कराराच्या दराने ३,९०,००० चं होतं, त्याला नव्या कॉन्ट्रॅक्टरचं सर्वांत वाजवी कोटेशन ४,६०,०००. वाढीव भार ७०,०००. झालेल्या कामात बाथरूम धरलं होतं, ते सदोष निघालं. पुन्हा करायला ८५,०००. या तीन बाबींची बेरीज ३,३५,०००.

पडताळा असा: तुमच्या खिशातून एकूण जाणार ६,५०,००० अधिक ४,६०,००० अधिक ८५,०००, म्हणजे ११,९५,०००. जायला हवे होते ८,६०,०००. फरक ३,३५,०००. दोन्ही वाटांनी आकडा एकच आला, म्हणजे कुठली बाब दुहेरी धरलेली नाही. यात शेजाऱ्याच्या छताचे १८,००० आणि लांबलेल्या तीन महिन्यांचं २८,००० प्रमाणे भाडं ८४,००० मिळवलं की मागणी ४,३७,००० होते. मानसिक त्रासाची भरपाई वेगळी मागा, पण माफक.

भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ चा गाभा हाच आहे: करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेलं नुकसान मिळतं, आणि ते आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलंत तेही पाहिलं जातं. म्हणून नवीन कामाची दोन-तीन कोटेशनं घ्या आणि साध्या टाइलच्या जागी इटालियन मार्बल लावून तो खर्च मागू नका.

इथे कॉन्ट्रॅक्टरची बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. ‘जाता जाता बाल्कनीतही एक कपाट करा’ असं सांगून करून घेतलेलं काम फुकट नसतं. लेखी नसलं तरी कलम ७० प्रमाणे त्याचा वाजवी मोबदला देणं लागतो. ते हिशेबात स्वतःहून वजा दाखवा. वजावट दाखवणाऱ्या तक्रारदाराच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

नोटीस आणि पोलीस

नोटीस वकिलामार्फत पाठवलेली बरी, पण सक्ती नाही. व्यवहाराच्या तारखा, दिलेले पैसे, दोष, हिशेब, मागणी आणि १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. ‘बघून घेऊ’ छापाची भाषा आणि त्याच्या कामाचे फोटो टाकून समाजमाध्यमांवर केलेली शिवीगाळ टाळा. तो बदनामीचा मुद्दा त्याला आयता मिळतो.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळतं, आणि काम खराब होणं किंवा लांबणं यापुरतं ते बरोबरच आहे. फसवणुकीसाठी, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी, सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. उचल घेऊन एकही दिवस काम केलं नाही, दिलेला पत्ता खोटा निघाला, किंवा त्याच पद्धतीने आणखी चार घरांना गंडवलं, अशा वेळी मात्र जरूर जा आणि शक्यतो बाकीच्यांना सोबत घेऊन जा. पैसे परत देण्यासाठी त्याने दिलेला चेक परत आला, तर वेळ दवडू नका. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार.

ग्राहक आयोगात

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. अ‍ॅपवरून काम घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत इथेच तोडगा निघू शकतो. गल्लीतल्या कॉन्ट्रॅक्टरवर याचा फारसा परिणाम होत नाही.

जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं चालतात. तुमची मागणी किती हे इथे पाहत नाहीत, सेवेसाठी तुम्ही किती दिले ते पाहतात. फीही त्यावरच ठरते: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वरच्या उदाहरणात ६,५०,००० दिले, म्हणून फी २०० रुपये. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूत असलं तरी नाशिककराने नाशिकमध्येच तक्रार करावी. करारात ‘वाद लवादाकडे जाईल’ असं छापलेलं असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात हे नक्की केलं आहे.

मुदत दोन वर्षांची. काम सोडल्याच्या किंवा दोष उघड झाल्याच्या तारखेपासून ती मोजून चाला. ‘दिवाळीनंतर करतो’ या त्याच्या आश्वासनांनी किंवा तुमच्या नोटिसांनी ती वाढत नाही. उशीर झालाच तर सबळ कारणासह माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नये. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मराठीत लिहिता येते आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. सोबत शपथपत्र, तारखेनुसार पानं क्रमांकित केलेले कागद, तज्ज्ञाचा अहवाल आणि हिशेबाचा तक्ता जोडा. परदेशी राहणाऱ्यांनी पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन ठेवावं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ही मुदत त्यापुढे वाढवता येत नाही, असा घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. म्हणून नोटीस बजावल्याची तारीख टिपून ठेवा आणि ४५ दिवस उलटताच त्यावर बोट ठेवा. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो.

मध्येच आयोग मध्यस्थी सुचवतो. मला विचाराल तर हिशेब पक्का असेल तेव्हा मध्यस्थीला जरूर बसा, पण ‘उरलेलं काम पूर्ण करून देतो’ ही तडजोड फक्त तारीख, इंजिनियरची तपासणी आणि चुकल्यास द्यायची रक्कम लिहून दिली तरच घ्या. विश्वास एकदा तुटलेल्या माणसाला पुन्हा घरात घेण्यापेक्षा थोडी कमी रक्कम घेऊन मोकळं होणं बहुतेकांना परवडतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकाल लागल्यावर

कॉन्ट्रॅक्टरला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण त्याआधी आदेशाच्या निम्मी रक्कम भरावी लागते. त्यामुळे नुसतं लांबवण्यासाठी अपील करणं महागात पडतं. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर दोन अर्ज असतात. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ ची दरखास्त दिवाणी हुकूमनाम्यासारखी चालते; बँक खातं, गाडी, दुकानाचा गाळा यांवर जप्ती मागता येते, आणि सुरुवातीला शोधून ठेवलेलं खात्याचं नाव आणि पत्ता इथे कामी येतो. कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गल्लीतल्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर मालमत्ता नसेल तर कलम ७२ चा अर्ज आधी करा. वॉरंट निघण्याची वेळ आली की पैसे हप्त्याने देण्याचा प्रस्ताव त्याच्याकडूनच येतो. तो आयोगासमोर नोंदवून घ्या, पहिला हप्ता त्याच दिवशी मागा आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत अर्ज मागे घेऊ नका.